दाबोळी ते मोपा

चुकीच्या विमानतळावर उतरलेली बाई
मागच्या सीटवरून विचारते,
"सरळ रेषेत किती हो?"
आणि मोबाईलमध्ये स्वतःच बघते: चाळीसेक किलोमीटर,
विमानाने म्हणे दहा मिनिटं.
पण असं विमानच नाही.
असतं, तर चढतं न चढतं तोच
पट्टे बांधा, उतरतोय, म्हणावं लागलं असतं.

आम्ही अजून कुठ्ठाळीला.
जुवारीच्या पुलावर सिमेंटचा ट्रक बंद पडलाय.
ती घड्याळ बघते, मी खालचं पाणी.
पुढे मांडवी, मग कोलवाळची नदी,
प्रत्येकीचं आपलं काही म्हणणं असतं.

मी वारखंडचा, हे तिला सांगत नाही.
धावपट्टीच्या त्या टोकाला,
जिथे आता दिवे ओळीने पेटतात,
आमच्या अकरा काजी होत्या.
पैसे आले तेव्हा सगुणने मोजले.
मी परत मोजले.
एवढंच झालं.

सगुण दाबोळीला सामान चढवतो.
मघाशी जाळीपलीकडे दिसला,
नारिंगी जाकीट, कानांवर ते जाडे झाकण.
हॉर्न दिला नाही.
दिला असता तरी त्याला
ऐकू आला नसता, असं मी ठरवलं.

चार चवथी झाल्या,
माटोळी एकटाच बांधतो,
एक टोक दातांत धरून.

धारगळच्या वळणावर बाई डोळे चोळत विचारते,
"अजून किती?"
सहा-सात किलोमीटर.
पोचाल तुम्ही.