टिंग

भट्टी उघडून दोन दिवस झाले
तरी फळीवरच्या वाट्या रात्री बोलतात.
टिंग.
मग बराच वेळ काही नाही.
मग कोपऱ्यातून पुन्हा, टिंग.

खानावळीच्या शेवंताबाईंनी बारा परत पाठवल्या:
तांबड्या रश्श्याचा कट
केसाएवढ्या भेगांत उतरलाय,
राखेनं घासूनही निघत नाही.

सासरे म्हणायचे, माती कच्ची.
मी माती दोनदा बदलली,
वडणग्याची, मग चिखलीची.
आता वहीत लिहिते:
निवताना काच जास्त आकसते, माती कमी.
झंपर दाटला
की शिवण उसवणारच.

झिलईत गारगोटीची पूड, शंभराला पाच.
आठ.
अकराला काठाचा टवका उडाला,
नखाएवढा, बोट कापून गेला.
म्हणजे आता झंपर ढगळ.

नऊ.
नऊच्या वाटीत उकळतं पाणी, लगेच बर्फाचं,
तीनदा.
बाहेर बापट कॅम्पात
गणपतींचे साचे उघडायची घाई,
कोण माझ्या नावानं ओरडतंय,
आणि मी वाटी कानाला लावून बसलेय.

गप्प आहे.
शेवंताबाईंना अजून कळवलेलं नाही.
सोमवार उलटू दे.