नऊ हजार सातशे

व्हॉलीबॉलचं बक्षीस आणि वर्गणी मिळून
नऊ हजार सातशे, रबर लावून वरच्या खिशात.
एका मोटारसायकलवर मी आणि भटू,
अनेरच्या पुलावरून शिरपूरला.
पूल आला की भटू समोर बघतो,
खाली नुसती वाळू असली, गाढवं उभी असली तरी.

किरणशेठच्या काउंटरवर दोन बॅटऱ्या.
एक साडेअठराशेची, काळी, हातात घेतली की
पोलीस झाल्यासारखं वाटतं.
एक एकशे साठची, पिवळी,
दोनदा थापट मारली की पेटते.
काळीचं बटण मी चार वेळा दाबलं.
मग आमची खोली आठवली, पत्र्याची,
मे महिन्यात जिथे सेल घामाघूम होऊन फुटतात,
चिकटपट्टीचा डिंक ओघळतो
आणि महागाची वस्तू स्वस्ताच्या वस्तूएवढीच शिजते.
तीन पिवळ्या द्या, म्हटलं. तीन घरांत ठेवू.
थापट मारायला गावाला शिकवावं लागत नाही.

शिट्टी उखा सरांकडे शाळेची आहे.
पेटी नकोच, लाल रंगाचे अकराशे कोण देतं?
वनाच्या भज्यांच्या गाडीवर तेलाचा डबा रिकामा आहे,
झाकण घट्ट बसतं,
वास तेवढा जाणार नाही.
ताडपत्री, मलमपट्टी, जुलाबाच्या गोळ्या
घेतल्या मधल्या भावातल्या, फार न बोलता.

दोरीपाशी भटू थांबला.
किरणशेठनं आधी स्वस्तातली काढली,
निळी, प्लास्टिकची.
भटूनं तिला हात लावला नाही.
त्या साली तसलीच होती आमच्याकडे,
गोधड्या वाळत घालायची.
तिला पुढे कोणी नावं ठेवली नाहीत. ती गोधड्यांसाठीच होती.
तिचं एक टोक भटूच्या मुठीत राहिलं
आणि सकाळपर्यंत त्यानं ते सोडलं नव्हतं.

पांढरी, जाड, मीटरला पंच्याण्णव.
ती त्यानं शटरच्या हुकात अडकवली
आणि भर दुकानात दोन्ही पाय उचलून लोंबकळला.
गिऱ्हाईकं हसली. किरणशेठ हसला नाही.
"हाई तीस मीटर," भटू म्हणाला, आणि भाव केला नाही.
केळीच्या रोपामागे आठ आणे न सोडणारा भटू.

राहिलं जाकीट.
साडेसहाशेची घेतली तर सहा, आम्ही जणही सहाच.
एकोणचाळीसशेचं घेतलं तर एक.
पैसे तेवढेच. रुपयाचा फरक नाही.
साडेसहाशेचं दाबून पाहिलं,
आतला फोम शिळ्या पावासारखा बसला
आणि वर यायला तयार होईना.
झुलाल आप्पांना फोन लावला,
भोयांमधले जुने पोहणारे, आता गुडघे गेलेले.
"पानीमा एकच जन उतरस, भो. बाकीना दोर धरतस."
एवढंच म्हणाले. तब्येत विचारायच्या आत फोन बंद.

"एकच द्या."
"साईज?" किरणशेठनं वहीत डोकं घालून विचारलं.

साईज.
मीडियम म्हणजे दिन्या, त्याच्या हळदीचे डाग अजून गेले नाहीत.
लार्ज म्हणजे रोहिदास.
लार्ज म्हणजे मीसुद्धा.
मी रंगाच्या डब्यांवरची नावं वाचत राहिलो,
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग परत.

"डबल एक्सेल," भटू म्हणाला.
तेवढं आमच्यात कोणीच नाही.
"पट्टे आवळता येतात. कोणालाही."

येताना ते धरायला हात उरला नाही,
म्हणून त्यानं अंगात घातलं.
चव्वेचाळीस डिग्री, आणि मागे नारिंगी भटू.
फाट्यावरचा रसवंतीवाला ओरडला,
"पूर उना का, भो?"
भटूनं दोन ग्लास रस प्यायला, जाकीट न काढता.

पुलावर त्यानं गाडी थांबवायला लावली.
कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिला,
बराच वेळ, गाढवं निघून गेली तरी.
मग म्हणाला, बॅटऱ्यांचे सेल घ्यायचे राहिले.