काज

उद्यमनगरात प्रेसखाली तोहीदच्या अब्बांची
दीड बोटं गेली. उरलेल्या बोटांनी
त्यांनी मला डबाभर नट-बोल्ट आणून दिले,
"बाई, तेल पुसूनच आणलेत."

जूनपासून आम्ही फिरवतोय.
नट कधी चढतो, कधी कपाटाखाली घरंगळतो.
तोहीद त्याचा आवाज ऐकून हसतो, तेवढंच.
माझ्या वहीत एक रकाना आहे : पकड.
त्यात मी पेन्सिलीनं लिहिते.
खोडायला बरं पडतं.

आज पालकांची सभा. अब्बा हाफ डे टाकून
रंकाळ्याच्या बसनं आलेले,
छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी.
मी बटणांची पाटी दिली त्यांच्या हातात, सहज,
करून दाखवा म्हणून.

बटण निसटलं. परत निसटलं.
"घरात दोघांचीबी हीच लावती,"
बायकोकडं न बघता म्हणाले.
मला कळायला हवं होतं.

तोहीद सरकत आला.
त्यानं काज धरलं,
बटण नाही, नुसतं काज, दोन बोटांत
उघडं, घट्ट,
अब्बांना घालता यावं म्हणून.

पाटीवर अजून चार बटणं होती.
मधल्या सुट्टीची घंटा झाली.
कुणी उठलं नाही.