दोन ग्रॅम मीठ

तोकुजी हामासाकी, वय शहाऐंशी,
रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा चौऱ्याण्णव.
मी आहाराचा तक्ता पुढे ओढला,
विचारलं, सकाळी काय खाता?
भात. त्यावर एक उमेबोशी.
रोज?
रोज. दात आले तेव्हापासून.
ते गेले, तरी.

एका फळात दोन ग्रॅम मीठ, मी म्हटलं,
तुमच्या दिवसाचं निम्मं
सकाळी सातलाच संपतं.
त्यांनी मान हलवली, सावकाश,
लहान मुलीने पाढा बरोबर म्हटल्यावर
हलवावी तशी.

पुढच्या खेपेला बरणी घेऊन आले.
सॅक्रामेंटोचा जुलै. पार्किंगमधलं डांबर
चपलेला चिकटत होतं.
मागच्या अंगणातलं झाड, म्हणाले,
इथे प्लम म्हणतात, पण नातं जर्दाळूशी.
फळं पिवळी झाली की देठाची टिकली सुईने काढायची,
शंभराला अठरा मीठ, वर नदीतले दगड.
पाणी सुटतं. मग तांबडी पानं चुरून.
मग तीन दिवस ऊन
आणि तीन रात्री उघड्यावर.
छावणीत नेताना आईच्या दोन सुटकेसांत
कपडे कमी होते, एवढं बोलले
आणि झाकण घट्ट केलं.

मला आत्याची गच्ची आठवली.
कोकमाची सालं रसात बुडवायची, उन्हात टाकायची,
परत रसात, परत उन्हात,
कावळे हाकायला मी.
बरणी फ्रिजमध्ये मागे सरकवली. पेशंटने दिलेलं,
त्यातून एवढं खारट.

ऑगस्टात मला दिवस गेले.
पाणीसुद्धा पोटात टिकेना.
सौमित्रने मऊ भाताची पेज केली,
आणि लोणचं सापडेना म्हणून ती बरणी.
आधी मीठ आलं, दार न वाजवता.
मग आंबट, कानांच्या मागून.
दात आंबले, डोळे मिटले,
आणि आठ दिवस रुसलेलं पोट
गप्प बसून पेज प्यायलं.

रात्री शोधनिबंध वाचले.
पचन, थकवा, यकृत, जंतू,
सगळी वाक्यं ‘कदाचित’ने सुरू होणारी.
मिठाच्या वाक्यात मात्र
कुठेच कदाचित नव्हतं.

तरी केलं. आमटीत आमसुलाऐवजी दोन टाकली,
आणि सवयीने मीठही.
समुद्र बरा, सौमित्र म्हणाला, आणि उठून दही आणलं.
तळाचा लाल खार काकडीवर शिंपडला,
ती कोशिंबीर मात्र मी एकटीने संपवली,
ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच.

ऑक्टोबरात हामासाकी आले. एकशे बावन्न.
अर्धंच खातो, म्हणाले,
उरलेलं अर्धं बशीखाली, उद्याला.
रविवारी अख्खं.
गोळीमुळे उतरला की अर्ध्यामुळे,
फाइलमध्ये मी गोळी लिहिली.
बरणी संपली का? त्यांनी विचारलं.
खाल्ल्या मिठाला जागून मी खोटं बोलले नाही.
ते हसले, अगदी थोडे,
आणि पिशवीतून दुसरी काढली.

ते गेल्यावर एक तोंडात टाकलं.
गर केव्हाच गेला, बाठ्याला चव उरली होती,
थुंकवेना.
पुढचं नाव पुकारलं.
जाडसर गृहस्थ, पायाला सूज.
बसा, म्हटलं, बाठा गालात सरकवून,
पहिल्यांदा आपण
मिठाचं बोलू.