जोडी क्रमांक अकरा

टार्टूत जानेवारीत
दुपारी साडेतीनलाच दिवस आवरायला घेतो,
म्हणून आमच्याकडे दिव्यांचा अभ्यास चालतो.

खरा दिवा भिंत पांढरी करतो.
खोट्याचा साचा तोच, वायर तीच,
उजेड फ्रिज उघडल्यावर पडतो तेवढा.
कोणाला कुठला, हे पाकिटं ठरवतात.
मी ती फोडते
आणि चेहऱ्यावर काही उमटू देत नाही.
याचा मला पगार मिळतो.

काड्री लेपिक फळ्यासमोर सांगतात :
अनोळखी माणसांचे दोन गट केले
तर माणसामाणसातच इतका फरक,
दिव्याचा हात त्यात दिसणार कसा?
एकाच माणसाला आधी हा, मग तो दिला
तर पहिल्याचा वास दुसऱ्याला लागतो,
कांद्याच्या सुरीनं सफरचंद चिरावं तसा.
म्हणून जोड्या.
वय, झोप, घरात माणसं किती, सगळं पडताळून.
लग्नं जमवणाऱ्या बाईसारखी
मी तीन महिने फोन करत होते.

अकरावी जोडी आयती चालत आली.
हेल्वे आणि लेइडा, जुळ्या, एकाहत्तरच्या.
एकाच इमारतीत, एक तिसऱ्या मजल्यावर, एक तळाला.
काड्रींनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या.
पाकीट फोडलं. उजेड हेल्वेला.

सहा आठवड्यांनी वह्या परत आल्या.
तिसऱ्या आठवड्यापर्यंत हेल्वेची रेघ चढती,
लेइडाची जमिनीला धरून.
मग दोन्ही एकमेकींना छेदून गेल्या,
आलेखावर कोणी फुली मारावी तशा.

मी विचारलं.
लेइडा म्हणाली, "तिचा दिवा तिला उठवायचा.
माझा नुसता बघत बसायचा."
हेल्वे हातमोजे घालता घालता म्हणाली,
"लहानपणी स्केट्स एकच होते.
एक फेरी तिची, एक माझी.
बदलायचे नाहीत हे कुठं सांगितलंत?"

सांगितलं होतं.
पान दुसरं, ओळ सातवी, खाली दोघींच्या सह्या.

जोडी अकरा : वगळली.
कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
"सूचनांचे उल्लंघन" लिहिलं.
मावलं.

रात्री स्वयंपाकघरात पाव कापताना
पेर्नूची माझी बहीण आठवली.
आईच्या आजारपणाची तीन वर्षं तिच्या वाट्याला,
मी इथं पाकिटं फोडायला शिकत होते.
आमचं पाकीट कोणी फोडलं, कधी,
आम्ही दोघींनी विचारलं नाही.

फोन लावला.
म्हटलं, तुझ्याकडे उजेड आहे का गं?
ती म्हणाली,
बरी आहेस ना? अकरा वाजलेत.