फेरफार

पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात
बाकडं एकच, आणि आम्ही अकरा जण.
पाळकसाहेबांनी जागा करून दिली, तरी ठमी हिलम
भिंतीला टेकून खालीच बसली,
पायांत कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला.

चार एकर अकरा गुंठे.
उंबरटेकच्या कातकरवाडीची ती उतरण
घोरपडीच्या आमच्या देवळाच्या नावावर होती,
नव्वद वर्षं.
धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीला सात लागली,
आमच्या पंच कमिटीच्या एकमताला त्याहून दोन जास्त.
जोसेफकाका शेवटपर्यंत म्हणत होते,
त्यांना काय करायचीय जमीन, विकून पिऊन टाकतील.
काका गेल्यावर ठराव पास झाला.
हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

कारकुनाने वाचायला घेतलं : बक्षीसपत्र.
लिहून देणार, लिहून घेणार,
चतुःसीमा, पूर्वेस ओढा...
"थांब," ठमी म्हणाली. "कसलं पत्र?"
"बक्षीस, आजी. बक्षीसपत्र."
"बक्षीस शर्यतीत देतात.
आमी पळालो, ते हाकललं म्हणून."

कारकून म्हणाला, संगणकात दुसरा शब्द नाही.
विक्री आहे, गहाण आहे, भाडेपट्टा आहे, हक्कसोड आहे.
'परत' असं काही नाही यादीत.
खाली-वर करून त्याने दोनदा पाहिलं, माणूस चांगला होता.
पाळकसाहेब हळूच म्हणाले,
"परत म्हणू आपण, कागदाबाहेर."
"कागदाबाहेरच तर ऱ्हायलो आमी," ठमी म्हणाली.

मग मी पिशवीतून वही काढली.
मिशनच्या बोर्डिंगची, खाकी पुठ्ठ्याची,
माझ्या आज्याच्या हातची.
याकोब मास्तर. बोरूचं वळणदार अक्षर,
त्या अक्षरावर आमचं घर आजवर मिरवतं.
त्याचा बाप गावकुसाबाहेर
स्वतःची सावली सांभाळत चालायचा.
त्याच बापाचा याकोब, हातात शाई आल्यावर,
ठमीची तबिथा करतो,
तिच्या बहिणीची, बाळीची, मार्था,
आणि घरची बोली बोलली म्हणून
शेऱ्याच्या रकान्यात लिहितो : छड्या चार.
ज्याच्या घरात वळ ठाऊक होते
त्याच्या हातची छडी कशी लागायची,
हे ठमीला विचारायचं ठरवून आले होते.
नाही विचारलं.

वाचता येतं तिला.
बोर्डिंगनेच शिकवलं, हेही खरं.
बोट सरकत सरकत मार्थापाशी थांबलं.
ताप. अकरा जुलै. दफन आवाराच्या मागे.
"मागं म्हंजे कुटं?"
आम्ही पुण्याहून दोन गाड्या भरून आलेले लोक
एकमेकांकडे पाहू लागलो.

सही मात्र तिने केली. अंगठ्याची शाई बाजूला सारली,
पेन घट्ट धरलं, आणि लिहिलं : ठमी.
'म'ची गाठ हुबेहूब माझ्या आज्याची.

तलाठ्याच्या दारावर आता नोटीस लागली आहे,
फेरफारास हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.
बाराव्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो.
बोर्डिंगचा फक्त जोता उरलाय,
मागे करवंदाच्या जाळ्या पार ओढ्यापर्यंत.
पाळकसाहेबांनी बायबल उघडलं,
क्षमेची प्रार्थना त्यांनी आदल्या रात्री
स्वतः लिहून आणली होती, तीन पानं.
ठमीने हात वर केला.
"ते मागनं. आधी शोधा."

तिचा नातू कोयता घेऊन आत शिरला.
पाळकसाहेबांनी पानं खिशात घातली, बाह्या दुमडल्या.
मी वही उघडी धरून उभी राहिले,
कुठून मोजायचं ते मात्र
त्यात लिहिलेलं नव्हतं.
जाळीत काटे फार होते,
आणि ऊन कलायला लागलं होतं.