रकाना क्रमांक अकरा

सतरा नंबरची प्रवेशिका लागली
तेव्हा मी पंखा बंद केला.
यमन. मध्य लय. बाईचा आवाज,
आणि खाली नोंद : हा कुणा बाईचा नाही.
प्रामाणिक नोंद, टायपिंगच्या दोन चुकांसकट.

समितीत आम्ही तिघं.
नियमावली कुपवाडे सरांना तोंडपाठ :
निर्मिती माणसाची हवी, यंत्राची मदत चालेल,
माणूस किती ते रकाना अकरात, टक्क्यांत.

अंतऱ्यात, तार षड्जाच्या उंबऱ्यावर
तिनं श्वास घेतला.
'नदी'तला न म्हणून झाला होता,
दी अजून यायची होती.

तिथं श्वास घ्यायचा नसतो.
तिथं श्वास मी घेते.

गणपती पेठेत हळदीच्या वखारीवर आमची खोली.
पोतं फुटलं की जिना पिवळा,
उशी पिवळी, खोकल्याचा रुमाल पिवळा.
नवव्या वर्षी दमा लागला,
अकराव्या वर्षी गाणं.
गुरुजी म्हणायचे, शब्द तोडू नकोस गं.
मी तोडायचे. न तोडून करते काय?
पुढे सांगलीच्या आकाशवाणीवर चोवीस वर्षं तोडले,
लोकांना वाटलं, शैली आहे.
एकानं तर पेपरात लिहिलं, 'अर्थपूर्ण विराम'.
ते कात्रण मी पंपाच्या डबीत ठेवलंय,
लागतं तेव्हा दोन्ही लागतात.

आता ज्याला फुप्फुसच नाही
तेही माझ्याच जागी धापतंय.

मुलाला बोलावून घेतलं.
समडोळीचा शीतल मगदूम,
साखर कारखान्यात वजनकाट्यावर,
हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.
शब्द माझे, म्हणाला. चाली दोनशे चाळीस आल्या,
ही एक ठेवली.
आवाज कुठनं उचललाय ते नाही माहीत, बाई,
ते सांगत नाहीत.
बाकीच्या का टाकल्यास?
बराच वेळ हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला.
'त्या दमत नव्हत्या.'

गाऊन दाखव म्हटलं.
त्यानं तोंड उघडलं
आणि सा कुठंतरी रस्त्याकडेला पडला.
'लागत नाही सूर. म्हणून तर…'
कानाच्या पाळ्या लालभडक.
मी चोर पकडायला बसले होते,
आणि समोर हा, माझा दमा
दोनशे चाळिसांतून निवडून काढलेला.

सकाळी वडापनं मिरजेला गेले.
दस्तगीर तंबोऱ्याची घोडी घासत होता.
विचारलं, यात तुझं किती?
तो हसला. भोपळा मंगळवेढ्याचा,
लाकूड तुणीचं, तारा विकतच्या,
मापं आज्ज्याची.
'माझं?' तारेखाली दोरा सरकवला,
केसभर पुढे, केसभर मागे,
मग एकाएकी दुकानभर मधमाश्या.
'माझं हे. दोरा नव्हं. थांबलो कुठं, ते.'

तिथंच उठायला हवं होतं मी.
पण विचारलंच :
आणि कुणी तुझं थांबणंच चोरलं तर?
त्यानं घासणी खाली ठेवली नाही.
म्हणाला, 'चहा सांगू का?'

येताना तुकडाभर दोरा मागून आणला.
रकाना अकरात स्टेपल केलाय.
कुपवाडे सर चष्मा कपाळावर नेऊन बघतायत.
'बाई, इथं आकडा लागतो.'
लागत असेल.
माझाही कुठं लागतो का बघा,
का बारावा रकाना छापायचाच राहिला?

बाहेर बाकावर शीतल
हेल्मेटची काच उघडतोय, मिटतोय,
उघडतोय.
तालात नाही.